पाठवणारा कुठं राहतो

१९९९ च्या जुलैत, कारगिलचं युद्ध चालू असताना, मी आयुष्यात पहिल्यांदा सेन्सॉरशिपची भिंत ओलांडली. पलीकडे वाचण्यासारखं विशेष काही नव्हतं.

पुण्यात इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष नुकतंच सुरू झालं होतं. हॉस्टेलच्या मागच्या गल्लीत एक सायबर कॅफे होता. प्लायवूडचे कप्पे, तासाला चाळीस रुपये, आणि मोडेमने फोन लावला की आधी शिट्टी, मग खरखर. व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने कराचीच्या 'डॉन' या दैनिकाचं संकेतस्थळ भारतातून बंद केल्याची बातमी आली होती. देशाबाहेर जाणारी वाट तेव्हा तिच्याच दारातून जायची, त्यामुळे दाराला कडी लावली की काम झालं, असा कुणाचा तरी हिशेब असणार. माझ्या एका मित्राने शांतपणे तिसऱ्याच एका संकेतस्थळाचा पत्ता टाकला, त्याच्या चौकटीत डॉनचा पत्ता लिहिला, आणि आम्ही वाट बघत बसलो. तीनेक मिनिटांनी पान उघडलं. व्हीएसएनएलच्या लेखी आम्ही अमेरिकेतल्या कुठल्याशा यंत्राशी बोलत होतो, आणि ते यंत्र कराचीला जाऊन निरोप आणत होतं.

पानावर आपल्याकडच्यासारख्याच बातम्या होत्या, फक्त 'आपण' आणि 'ते' यांची अदलाबदल झालेली. दहा मिनिटांत आम्हाला कंटाळा आला. पण उडी मारल्याचा आनंद काही औरच होता. रात्री मित्राने खोलीच्या भिंतीवर मार्करने एक वाक्य लिहिलं. पुढे कितीतरी वर्षं मी ते वेदवाक्यासारखं लोकांना ऐकवत आलो. वाक्य जॉन गिलमोर या अमेरिकन प्रोग्रामरचं, १९९३ च्या डिसेंबरात 'टाइम' साप्ताहिकात छापून आलेलं. मराठीत सांगायचं तर असं: नेट सेन्सॉरशिपला बिघाड समजतं आणि वळसा घालून पुढे जातं.

त्या दिवाळीला कराडला आजोळी गेलो, तेव्हा हे वाक्य मी मामालाही ऐकवलं. मामा कंपोझिटर. उभं आयुष्य खिळे जुळवण्यात गेलेलं, त्यामुळे उलटी अक्षरं सुलट्याइतक्याच वेगाने वाचायचा. मी त्याला सगळं समजावून सांगितलं. एक रस्ता बंद केला तर निरोप दुसऱ्या रस्त्याने जातो, दुसरा बंद केला तर तिसऱ्याने. मधे कुणी अडवूच शकत नाही. मामाने सुपारी कातरता कातरता ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि पाठवणारा कुठं राहतो?"

मला प्रश्न कळलाच नाही. मी म्हटलं, कुठेही राहू दे की, त्याने काय फरक पडतो.

"पडतो," मामा म्हणाला. "केसरी निघतच राहिला. टिळक मात्र सहा वर्षं मंडालेला."

मामाचं बोलणं असंच असायचं, निम्मं आपण भरून घ्यायचं. मी ते भरून घेतलं नाही. मनात म्हटलं, जुना माणूस आहे, त्याला पॅकेट स्विचिंग काय कळणार.

गिलमोरच्या वाक्यावर अन्याय नको, म्हणून त्याचा मूळ संदर्भ सांगतो. ते तत्त्वज्ञान वगैरे नव्हतं, एका यंत्रणेचं साधं वर्णन होतं. यूजनेट नावाची जुनी चर्चांची जाळी होती. एका संगणकाने आपल्याकडचे संदेश शेजारच्या चार संगणकांना द्यायचे, त्यांनी आणखी चारांना. वाटेतल्या एखाद्या संगणकाच्या मालकाला विषय खटकला आणि त्याने संदेश गाळले, तरी ते बाकीच्या शेजाऱ्यांकडून पुढे पोहोचायचेच. गाळणं आणि यंत्र बंद पडणं यांत जाळीला फरक दिसायचा नाही. गिलमोरला हे ठाऊक होतं, कारण ही भांडणं त्याने स्वतः केली होती. १९८७ मध्ये यूजनेटची फेररचना चालू असताना मोठ्या यंत्रांचे चालक कोणते विषय ठेवायचे ते ठरवत होते. गिलमोरला अमली पदार्थांवर चर्चेचा विभाग हवा होता आणि ब्रायन रीड नावाच्या गृहस्थांना पाककृतींसाठी आपल्या पसंतीच्या नावाचा. दोघांनाही मनासारखं मिळेना. मग कॅलिफोर्नियात एका बार्बेक्यूच्या हॉटेलात बसून त्यांनी 'ऑल्ट' ही वेगळी शाखाच काढायचं ठरवलं. मला हा तपशील फार आवडतो. ऑनलाइन अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या एका मोठ्या शाखेचा जन्म जेवणाच्या टेबलावर झाला, आणि त्यामागे निम्मा रुसवा पाककृतींचा होता.

म्हणजे वाक्य खरं होतं. फक्त ते निरोपाबद्दल होतं. आम्ही ते माणसांबद्दल आहे असं वाचलं.

तसं वाचायला लावणारी हवाही तेव्हा होती. ८ फेब्रुवारी १९९६ ला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी अमेरिकेच्या नव्या दूरसंचार कायद्यावर सही केली. इंटरनेटवरच्या 'अशिष्ट' मजकुराला शिक्षा ठरवणारं एक प्रकरण त्यात होतं. त्याच दिवशी स्वित्झर्लंडमधल्या दावोसहून जॉन पेरी बार्लो यांनी सायबरस्पेसचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा धाडला. गृहस्थ वायोमिंगचे एकेकाळचे पशुपालक, रॉक बँडचे गीतकार आणि गिलमोर व मिच केपॉर यांच्यासोबत इंटरनेटवरच्या हक्कांसाठी लढणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनचे संस्थापक. मांसपोलादाच्या थकल्या राक्षसांनो, आमच्या वाटेला जाऊ नका, इथे तुमचं सार्वभौमत्व चालत नाही, असा एकंदर सूर. जगभरच्या सरकारांना उद्देशून लिहिलेला मजकूर, आणि लिहिण्याची जागा कोणती, तर जगातले श्रीमंत आणि सत्ताधारी दरवर्षी जमतात ते गाव. हे तेव्हा कुणाला विनोदी वाटल्याचं मला आठवत नाही. मला तर नाहीच वाटलं. मी त्या जाहीरनाम्याची डॉट मॅट्रिक्सवर प्रत काढून घेतली होती.

पुढच्या वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्यातला तो भाग रद्द केला. निकालात न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी लिहिलं की फोनची तार असलेला कुणीही आता दवंडीवाला होऊ शकतो, आणि त्याचा आवाज कुठल्याही चौकातल्या भाषणापेक्षा लांब जाईल. दवंडीवाला हा शब्द माझा. पण तो वापरला की आपल्या मराठी कानाला एक खोच जाणवते. आपल्याकडचा दवंडीवाला कधी स्वतःचं म्हणणं सांगायचा का? तो चावडीचं सांगायचा. शेतसारा अमुक तारखेच्या आत भरा, साथ आली आहे, पाणी उकळून प्या, हो. ढोलकं त्याचं, शब्द पाटलाचे. आज कुणीतरी पुरवलेला मजकूर एकाच दुपारी हजार खात्यांवरून जसाच्या तसा येतो तेव्हा वाटतं, न्यायमूर्तींची उपमा त्यांच्या कल्पनेबाहेर खरी ठरली.

भाकितांच्या या रांगेत सगळ्यात लोकप्रिय ठरलं ते पुन्हा क्लिंटन यांचंच. मार्च २००० मध्ये चीनबद्दल बोलताना ते म्हणाले, चीन इंटरनेटला आवर घालू बघतोय, त्यांना शुभेच्छा. हे म्हणजे भिंतीवर जेली खिळ्याने ठोकण्यासारखं आहे. सभागृहात हशा पिकला. चिनी सरकार खिळे शोधत बसलं नाही. जेली ज्या भांड्यात ओतावी त्याचा आकार घेते, एवढं त्यांना ठाऊक होतं. त्यांनी भांडं केलं. देशाबाहेर जाणाऱ्या मोजक्या वाटांवर गाळण्या बसवल्या, आतल्या कंपन्यांना सांगितलं की तुमच्याकडे लोक काय लिहितात त्याला जबाबदार तुम्ही, आणि बाहेरच्या प्रत्येक सेवेला पर्याय म्हणून आतली सेवा उभी राहू दिली. भिंत ओलांडता येते, आजही येते. पण रोजचं सगळं आतच मिळत असेल तर रोज उठून उडी कोण मारतं? आम्ही तरी डॉनच्या पानावर दहाच मिनिटं टिकलो होतो.

एक माणूस मात्र वेळेवर आणि नेमकं बोलला होता. लॉरेन्स लेसिग, कायद्याचे प्राध्यापक. १९९९ मध्येच, म्हणजे आम्ही पुण्यात भिंतीवर मार्करने लिहीत होतो त्याच वर्षी, त्यांनी मांडलं होतं की सायबरस्पेसला स्वतःचा असा स्वतंत्र स्वभाव नसतो. तो जसा बांधाल तसा होतो, आणि तिथला कायदा म्हणजे प्रोग्रामच. व्यापाराला समोरचा कोण आहे हे कळायला हवं असतं, म्हणून ओळख पटवायच्या सोयी बांधल्या जातील, आणि व्यापारासाठी बांधलेल्या सोयी सरकारला आयत्या मिळतील. 'पाठवणारा कुठं राहतो' या प्रश्नाचं उत्तर देणारी यंत्रणा दुकानदारच उभी करून देतील, असाच त्याचा अर्थ. मामाने लेसिग वाचला नव्हता. लेसिगच्या कानावरही कराड गेलं नसावं.

मामाचा प्रश्न कुठून आला होता, ते मला पुष्कळ उशिरा कळलं.

डिसेंबर १९७५ मध्ये कराडला साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष दुर्गाबाई भागवत, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, आणि देशात आणीबाणी. दुर्गाबाई त्या व्यासपीठावरून आणीबाणीविरुद्ध बोलल्या आणि पुढे तुरुंगात गेल्या, हे सगळ्यांना माहीत आहे. मामा तिथे मांडवात खुर्च्या लावायला होता. त्यानंतर काही महिने तो रात्री घरी स्टेन्सिल कापत असे, हे मात्र घरातही कुणी बोलत नसे. वर्तमानपत्रांवर २६ जूनपासूनच पूर्वतपासणी लागली होती. अग्रलेखाची जागा कोरी सोडून निषेध नोंदवायचा, तर पुढे कोरी जागाही नको असा फतवा निघाला. तेव्हा वळसा होता तो सायक्लोस्टाइलचा. मेणकागदावर टोकदार लेखणीने लिहायचं, रोलरला शाई लावायची आणि रात्रभर पत्रकं काढायची. अक्षर ओळखू येईल म्हणून मामा डाव्या हाताने लिहायचा. कागदही एका दुकानातून घ्यायचा नाही. एक रीम साताऱ्याहून, एक इस्लामपूरहून, कराडात फक्त वह्या. त्याच्या ओळखीतले एक मास्तर पत्रकामुळे नाही, तर फूलस्केप कागदाच्या बिलामुळे पकडले गेले होते. एका प्राथमिक शिक्षकाला एवढा कागद कशाला लागतो, इतकाच प्रश्न पोलिसांना पडला, आणि तेवढा पुरला. मजकूर कुणी वाचलाही नव्हता. हल्ली याला मेटाडेटा म्हणतात.

काम झालं की स्टेन्सिल आंघोळीच्या बंबात जायचं. मेणकागद छान पेटतो. "त्या वर्षी घरातली सगळी जेपींच्या पाण्यानं आंघोळ करत होती," असं मामी एकदा म्हणाली, तेव्हा कुठे हे सगळं बाहेर आलं.

निरोपाचं आणि रस्त्यांचं पुढे काय झालं, त्यातल्या दोन गोष्टी सांगतो, कारण गिलमोरचं वाक्य त्यांनी अगदी शब्दशः उलटं टांगलं.

फेब्रुवारी २००८. पाकिस्तान सरकारला यूट्यूब बंद करायचं होतं. इंटरनेटवर कुठला पत्ता कुठे आहे हे जाळी जाळीला सांगत असते, आणि सांगणाऱ्यावर बहुतेक विश्वास ठेवला जातो. समजा एक पोस्टमन म्हणाला, कोथरूडची सगळी पत्रं माझ्याकडे द्या, आणि दुसरा म्हणाला, कोथरूडमधल्या या गल्लीची माझ्याकडे द्या, तर त्या गल्लीची पत्रं दुसऱ्याकडे जातात. जास्त नेमकं सांगतो त्याचं ऐकायचं, हा नियम. यूट्यूब जगाला १०२४ पत्त्यांचा एक पट्टा आपला म्हणून सांगत होतं. पाकिस्तान टेलिकॉमने त्यातल्या २५६ पत्त्यांची गल्ली माझी, असं जाहीर केलं, म्हणजे देशातली पत्रं आपल्याकडे येतील आणि फेकून देता येतील. ही घोषणा देशातच राहायला हवी होती. ती हाँगकाँगच्या एका कंपनीमार्फत जगभर पसरली आणि यूट्यूबची पत्रं पाकिस्तानच्या कचरापेटीकडे निघाली. जवळपास दोन तास यूट्यूब जगाच्या मोठ्या भागात दिसेनासं झालं. जाळी बंदीला वळसा घालते, असं आम्ही म्हणत होतो. इथे बंदीच वाट म्हणून पसरली आणि जाळीने ती इमानेइतबारे गावोगाव पोहोचवली.

दुसरी गोष्ट जानेवारी २०११ ची, इजिप्तमधली. तिथे कुणी काही अडवलंच नाही. २७ तारखेची मध्यरात्र उलटल्यावर देशातल्या कंपन्यांनी आपल्या पत्त्यांकडे येणारे सुमारे साडेतीन हजार मार्ग जाहीर करणंच थांबवलं. वळसा घालायला दुसरा रस्ता लागतो. रस्ताच नाही म्हटल्यावर जाळी काय करणार? पाच दिवस देश नकाशावरून पुसल्यासारखा झाला. आपल्याकडे काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये इंटरनेट थांबलं, जानेवारी २०२० मध्ये टूजीचा बारीक झरा सुरू झाला, आणि फोरजी परतायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. मधल्या काळात सर्वोच्च न्यायालयाने बेमुदत बंदी चालणार नाही असं म्हटलं होतं.

आणि तरीही वळसा संपला असं मी म्हणणार नाही. जुलै २००६ मध्ये मुंबईच्या लोकलमधल्या बॉम्बस्फोटांनंतर दूरसंचार खात्याने काही मोजकी पानं बंद करायला सांगितली आणि सेवा देणाऱ्या कंपन्यांनी अख्खं ब्लॉगस्पॉट बंद केलं. एका घरातला दिवा घालवायला सांगावं आणि गल्लीचा ट्रान्सफॉर्मरच बंद करावा, तसं. माझाही ब्लॉग त्यात गेला. वाचक सोळा, त्यातली एक आई. मग कळलं की 'पीकेब्लॉग्ज' नावाच्या एका संकेतस्थळावरून ब्लॉगस्पॉट दिसतं. ते पाकिस्तानातल्या ब्लॉग लिहिणाऱ्यांनी त्याच वर्षी स्वतःच्या सरकारच्या बंदीसाठी बनवलं होतं. म्हणजे सात वर्षांपूर्वी मी कराचीचं वर्तमानपत्र वाचायला अमेरिकेतून गेलो होतो, आणि आता आईला पुण्यात बसून माझं मराठी वाचायला पाकिस्तान्यांनी काढलेल्या वाटेने जावं लागत होतं. ती म्हणाली, एवढं काय लिहितोस त्यात? लिहिलं होतं भरल्या वांग्याबद्दल.

१७ नोव्हेंबर २०१२ ला बाळासाहेब ठाकरे गेले. दुसऱ्या दिवशी अंत्ययात्रा होती आणि मुंबई बंद होती. पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर लिहिलं की असा बंद आदरापोटी पाळला जात नाही, भीतीपोटी पाळला जातो. तिच्या मैत्रिणीने ते लाइक केलं. दोघींना अटक झाली. लिहिणारीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. जाळीचं काम चोख झालं होतं. निरोप अडला नव्हता, देशभर पोहोचला होता, उलट अटकेमुळे जास्तच पोहोचला. फक्त पाठवणारी पालघरला राहत होती.

तेव्हा वापरलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ हे कलम २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल खटल्यात रद्द झालं. निकाल वाचताना मला खरोखर भरून आलं होतं. पुढे २०२१ मध्ये न्यायालयासमोर आलं की मेलेल्या त्या कलमाखाली ठिकठिकाणी अजून गुन्हे नोंदवले जाताहेत. कायद्याच्या पुस्तकात तळटीप पडली होती, ठाण्यातल्या हवालदाराच्या पुस्तकात पडली नव्हती.

पालघरच्या बातमीच्या रात्री मी फेसबुकवर जाऊन माझे गेल्या दोन वर्षांतले लाइक तपासले. कुणी सांगितलं नव्हतं. नोटीस नव्हती, फोन नव्हता. तासभर बसून मी अकरा काढले. त्यातले निदान आठ निव्वळ विनोद होते. गिलमोर, बार्लो, क्लिंटन, अगदी लेसिगसुद्धा, सगळे सरकारबद्दल किंवा कंपनीबद्दल बोलत होते. रात्री एक वाजता बायको झोपल्यावर मोबाइलच्या उजेडात स्वतःचेच अंगठे मागे घेणारा माणूस कुणाच्या भाकितात नव्हता. मी तरी कुठे वाचला नाही.

मामा आता ऐंशीच्या पुढे आहे. पाच वर्षांपूर्वी नातीने त्याला स्मार्टफोन दिला. डाव्या हाताने स्टेन्सिल लिहिणारा माझा मामा आता दिवसाला तीसेक संदेश पुढे ढकलतो: सुप्रभात, गुडघेदुखीवर मेथी, आणि अमुक नेत्याने तमुक म्हटलं अशी वाक्यं, जी त्याने कधीच म्हटलेली नसतात. पहिलं वर्ष मी उत्तरं लिहायचो, हे खोटं आहे, इथे बघ. मग थांबलो. मग त्याला म्यूट केलं. त्या तीसांत एखादं त्याचं स्वतःचं असेल तर ते मला कधी दिसत नाही. हेही बोलणं अडवणंच झालं की नाही, यावर मी माझ्याशी बराच वाद घालतो आणि दर वेळी स्वतःला सोडून देतो.

माझ्या फोनमध्ये 'मसुदे' नावाचा एक कप्पा आहे. शहरातल्या नदीकाठच्या बांधकामावर लिहिलेलं एक, एका देवळाच्या वादावर एक, आमच्याच सोसायटीतल्या भाडेकरूंच्या 'नियमां'वर एक. बरी लिहिली आहेत, असं मलाच वाटतं. अधूनमधून उघडतो, एखादं विशेषण बदलतो, बंद करतो. वर्षाअखेरीस फोन भरला म्हणतो, तेव्हा जुनी पुसून टाकतो.

गेल्या महिन्यात मामाचा फोन आला. म्यूट केलेल्या माणसाला फोन करता येतो, हे मी विसरलो होतो. मामीचे गुडघे, पाऊस, प्रेसची जागा अखेर विकली गेली ते. मग म्हणाला, "तू हल्ली काही लिहीत नाहीस का? पूर्वी तुझं काही ना काही यायचं."

म्हटलं, लिहितो की. लिहून ठेवतो.

"ठेवतोस? मग कुठं जातं?"

मी काही बोललो नाही. पलीकडून अडकित्त्याचा आवाज आला.

"बंब पेटवलायस वाटतं," मामा म्हणाला.